बाकूला लॉटरी म्हणणाऱ्यांसाठी

रेस वीकेंड जवळ आला की आमच्या एफ-वनच्या (फॉर्म्युला वन मोटार रेसिंगच्या) ग्रुपवर ठरलेली रेकॉर्ड वाजते. मोनाको आलं की "झोप काढा", स्पा आलं की "पाऊस आहे का", आणि बाकू (अझरबैजानची राजधानी, तिथल्या रस्त्यांवरच रेस होते) आलं की "लॉटरी". काल एकाने लिहिलं, की बाकूला इंजिनिअर नेण्यापेक्षा ज्योतिषी न्यावा. वाक्य टाळ्या घेणारं आहे, घेतल्याही. मला मात्र ते अजिबात पटत नाही, आणि ग्रुपवर चार ओळींच्या वर कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी साधा हिशेब. २०१६ पासून २०२५ पर्यंत तिथे नऊ रेस झाल्या (२०२० ची कोविडने खाल्ली). जिंकणाऱ्या टीम किती? तीन. रेड बुल पाच वेळा, मर्सिडीज तीन वेळा, मॅक्लारेन एकदा. लॉटरीच असती तर एवढ्या वर्षांत एकदा तरी हास किंवा साउबरसारख्या मागच्या टीमला लागायला नको होती का? आणि सर्जिओ पेरेझ या ड्रायव्हरचं काय करायचं? २०१६ आणि २०१८ ला तिसरा, २०२१ ला पहिला, २०२२ ला दुसरा, २०२३ ला परत पहिला. एकाच माणसाचं तिकीट पाच वेळा लागतं, ही कसली लॉटरी! त्यातले दोन तिसरे नंबर फोर्स इंडियाच्या गाडीत आले होते. २०१८ चं ते पोडियम (पहिल्या तिघांतलं स्थान) त्या टीमचं शेवटचं ठरलं, जुलैमध्ये टीम प्रशासकाच्या ताब्यात गेली. तोवर गाडी गुलाबी झाली होती, पण नाव इंडियाच होतं. मालक विजय मल्ल्याबद्दल आज नको बोलायला.

आता ट्रॅक. ज्या हर्मान टिल्केच्या नावाने सगळे "याचे ट्रॅक एकाच साच्यातले" म्हणून बोटं मोडतात, ज्याने आपलं ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट केलं, त्यानेच हेही आखलं. सहा किलोमीटरची फेरी, वीस वळणं. पण हा एक ट्रॅक नाहीच, एकमेकांशी न पटणारे दोन आहेत.

पहिला आहे जुन्या शहराच्या तटबंदीला घासून जाणारा. आठव्या वळणावर चढ आहे, डोक्यावर बुरूज आणि रस्त्याची रुंदी ७.६ मीटर. गाडी दोन मीटरच्या आसपास. म्हणजे एक गाडी आडवी झाली की मागच्याने ब्रेक मारायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. मूळ रस्ता दगडी फरसबंदीचा आहे. रेससाठी त्यावर डांबर घालतात आणि रेस संपली की काढतात. २०१९ च्या क्वालिफाइंगमध्ये (स्टार्टची जागा ठरवणाऱ्या फेऱ्यांत) फेरारीचा लक्लेर तिथेच भिंतीत गेला आणि रेडिओवर स्वतःलाच मूर्ख म्हणाला. त्या दिवशी सगळ्यात वेगवान तोच दिसत होता.

दुसरा ट्रॅक म्हणजे समुद्राकडचा तो सरळसोट रस्ता. जवळजवळ २.२ किलोमीटर, वीस सेकंदांहून जास्त वेळ पाय खाली दाबलेला, आणि शेवटी काटकोनात डावीकडे वळण.

खरी गंमत या दोघांच्या भांडणात आहे. तटबंदीपाशी आणि ब्रेकिंगला डाउनफोर्स (गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर) हवा, म्हणजे मोठी विंग. सरळ रस्त्यावर हीच विंग पाय ओढते. विंग कापली तर समुद्राकडे गाडी सुसाट, पण किल्ल्यापाशी ती बर्फावर चालवल्यासारखी चालवायची. दोन्ही कुणालाच मिळत नाही.

आणि लोक ज्याला नशीब म्हणतात, त्यातल्या बऱ्याच गोष्टी या सरळ रस्त्यावरच शिजतात. त्या वीस सेकंदांत टायर आणि ब्रेक गार होतात. अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणाऱ्या सेफ्टी कारच्या मागे तर आणखीच. मग पहिल्या वळणावर पुढची चाकं लॉक होतात आणि गाडी सरळ पळून जाते. २०१८ ला ग्रोजाँ सेफ्टी कारच्या मागे टायर तापवायला नागमोडी चालवता चालवता स्वतःच भिंतीत गेला आणि रेडिओवर दोष एरिक्सन या दुसऱ्या ड्रायव्हरवर टाकला. २०२१ ला हॅमिल्टनचं काय झालं ते आठवा. व्हर्स्टापन पुढे असताना त्याचा डावा मागचा टायर त्याच रस्त्यावर फुटला, लाल झेंडा झाला, म्हणजे रेस थांबली, पुन्हा स्टार्ट झाला. हॅमिल्टनच्या स्टिअरिंगवर पुढचे ब्रेक तापवायला एक बटण होतं, त्याला चुकून हात लागला, सगळं ब्रेकिंग पुढच्या चाकांवर गेलं आणि हातातले पॉइंट शून्यावर आले. नशीब म्हणा हवं तर. पण ते बटण मुळात गार ब्रेक आणि टायरसाठीच दिलेलं होतं.

लक्लेरची गोष्ट तर या ट्रॅकचं सारच आहे. २०२१ ते २०२४ सलग चार पोल (स्टार्टला सगळ्यात पुढची जागा) आणि विजय एकही नाही. एका फेरीत किल्ला जिंकता येतो, ५१ फेऱ्यांत समुद्राकडचा रस्ता वसुली करतो. २०२४ ची विसावी फेरी परत बघा. मॅक्लारेनचा पियास्त्री पहिल्या वळणावर इतक्या मागून आत घुसला की लक्लेरला दार लावायलाही वेळ मिळाला नाही. नंतर लक्लेर कितीतरी फेऱ्या शेपटाला लागून होता, पण ओलांडता येईना. रेसनंतर व्हिडिओ फिरला, मॅक्लारेनच्या मागच्या विंगची वरची पट्टी वेगात किंचित उचलली जायची. आरडाओरडा झाला, टीमला ती बदलावी लागली. पकडण्याआधी काम झालं होतं! विंगच्या भांडणावर एवढा बारीक विचार करणाऱ्याला तुम्ही नशीबवान म्हणणार असाल तर नमस्कार.

मान्य, दरवेळी रंगत येत नाही. २०१६ ला एकदाही सेफ्टी कार आली नाही आणि २०२३ मीही जांभया देत पाहिली. उलट २०२५ च्या क्वालिफाइंगमध्ये सहा लाल झेंडे! वारा भन्नाट, वर पावसाचे थेंब, आणि चांगले चांगले भिंतीत. त्यातही सैंझने विल्यम्स दुसऱ्या नंबरवर उभी केली आणि रेसला तिसरा आला. गाडी भिंतीबाहेर ठेवणं हेसुद्धा कौशल्यच असतं.

यंदा, २०२६ ला, मला उत्सुकता आहे ती नव्या नियमांची. डीआरएस (पुढच्याच्या एका सेकंदाच्या आत असलं तरच मागची विंग उघडायची सोय) गेलं, सरळ रस्त्यावर सगळ्यांच्याच विंग उघडणार, म्हणजे ते जुनं भांडण थोडं मिटणार. पण निम्म्याच्या आसपास ताकद आता बॅटरीतून येते, आणि एवढ्या लांब रस्त्यावर ती शेवटपर्यंत पुरवायची कशी, हा नवा डोकेदुखीचा विषय. प्रॅक्टिसमध्ये यादीतल्या वरच्या नावांपेक्षा सरळ रस्त्याच्या शेवटच्या काही शे मीटरचा वेग बघा, कुणाची गाडी तिथे दमतेय ते कळेल.

पेरेझ आणि बोटास, दोघेही इथे जिंकलेले, आता कॅडिलॅकमध्ये आहेत. जिंकणार नाहीत हे मलाही कळतं. पण पेरेझला एक तरी पॉइंट मिळेल यावर मी वडापावची पैज लावायला तयार आहे. ज्योतिषीवाल्याने कमेंटमध्ये यावं. आणि हो, यंदा रेस शनिवारी आहे. रविवारी टीव्ही लावून मला मेसेज करू नका.