‘जोकर गेम’ संथ आहे म्हणून नाही, सोपी आहे म्हणून फसते

(कथानक पुढे उघड केलं आहे. मालिका पाहायची असेल तर आधी पाहून घ्या.)

‘जोकर गेम’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका 2016 च्या एप्रिल ते जूनमध्ये आली. भाग बारा, निर्मिती प्रॉडक्शन आय.जी.ची, दिग्दर्शन काझुया नोमुरा यांचं, मूळ कथा कोजी यानागी यांच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर लेफ्टनंट कर्नल यूकी नावाचा जुना हेर जपानी लष्करात ‘डी संस्था’ उभी करतो आणि त्याची माणसं शांघाय, लंडन, बर्लिनला पांगतात, एवढा तिचा गाभा. मालिका आवडली नाही असं कुणी म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं. ते साधारण असं: “कंटाळवाणी वाटली असेल तर दोष तुमचा. खरी हेरगिरी अशीच असते. डी संस्था म्हणजे हुबेहूब नाकानो शाळा, जपानी लष्कराची खरी हेरशाळा. ‘मरू नका, मारू नका, पकडले जाऊ नका’ हेच त्या हेरांचं ब्रीद होतं. पात्रं सारखी दिसतात, कारण हेराला चेहरा नसतो. बायका नाहीत, कारण तेव्हा त्या या धंद्यात नव्हत्याच. आणि राजकारणात न पडता इतिहास दाखवणारी ही एकमेव मालिका.”

यातला प्रत्येक मुद्दा तपासण्यासारखा आहे, कारण जवळजवळ प्रत्येकात अर्धं खरं आहे.

“डी संस्था म्हणजे हुबेहूब नाकानो शाळा”

साचा तिथलाच आहे, यात वाद नाही. 1938 मध्ये टोकियोच्या कुदान भागात लष्कराने एका निरुपद्रवी नावाखाली हेरांचं प्रशिक्षण सुरू केलं. पुढच्या वर्षी ते नाकानोला हललं आणि 1940 मध्ये ‘लष्करी नाकानो शाळा’ झालं. उभारणीत शुन आकिकुसा आणि हिदेओ इवाकुरो ही नावं प्रमुख. पहिल्या तुकडीत वीस जणही नव्हते. विद्यार्थी बहुतेक नागरी विद्यापीठांतून आलेले, साध्या कपड्यांतले, केस वाढवलेले. इथवर मालिका बरोबर चालते.

फरक पुढे सुरू होतो. मालिकेतली पोरं आपली खरी नावंसुद्धा टाकून देतात, त्यांना देश नको, सम्राट नको, फक्त ‘मला हे जमतं’ हा गर्व पुरतो. खऱ्या शाळेतले विद्यार्थी राखीव अधिकारी होते, म्हणजे लष्करी शिस्तीतून आधीच गेलेले. शाळेच्या आवारात सम्राटासाठी लढून मेलेल्या कुसुनोकी मासाशिगेचं देवस्थान होतं. निष्ठा तिथे वजा केली नव्हती, उलट ती इतकी मुरवली होती की गणवेशाची गरज उरू नये. यूकीची थंड, निधर्मी पोरं ही लेखकाची कल्पना आहे. कल्पना म्हणून ती झकास आहे, पण तिला ‘हुबेहूब’ म्हणणं चूक.

शिवाय नाकानोच्या माणसांचं प्रत्यक्ष काम मालिकेत दिसतं तसं एकट्याने तिजोरी उघडण्याचं क्वचितच होतं. आपल्याला जवळचं उदाहरण मलायाचं. मेजर इवाइची फुजिवारा 1941 च्या ऑक्टोबरात नाकानोचे मोजके पदवीधर घेऊन बँकॉकला उतरला. प्रीतम सिंगांशी संधान बांधलं, डिसेंबरात ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातल्या कॅप्टन मोहन सिंगांना वळवलं, आणि 17 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूरच्या फॅरर पार्कवर सुमारे 45 हजार हिंदी युद्धकैद्यांपुढे भाषण केलं. आझाद हिंद सेनेची सुरुवात ती. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले पुढे त्याच सेनेत वरच्या पदावर गेले.

ही मोहीम फसली कुठे, तेही पाहण्यासारखं आहे. फुजिवाराने माणसं जोडली ती शब्द देऊन. टोकियोकडून मात्र लेखी काहीच येईना. त्याच्या जागी हाच तो इवाकुरो आला, मोहन सिंगांशी बिनसलं, आणि 1942 च्या डिसेंबरअखेर मोहन सिंगांना अटक झाली. जागेवरचा अधिकारी प्रामाणिक आणि मुख्यालय गप्प, ही खऱ्या हेरखात्याची नेहमीची दुखणी. मालिकेत हे दुखणं यूकीला कधी होत नाही, कारण मुख्यालय म्हणजे तोच.

“मरू नका, मारू नका, हे खरं ब्रीद होतं”

‘मरू नका’ला आधार आहे. बाकी सैन्याला कैद होणं म्हणजे कलंक असं शिकवत असताना नाकानोत जिवंत राहून काम चालू ठेवायला सांगत. शाळेच्या फुतामाता शाखेतून निघालेला हिरो ओनोदा फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर 1974 पर्यंत टिकून राहिला, तो त्याच शिकवणीवर. मात्र त्या काळात त्याच्या टोळीच्या हातून बेटावरचे शेतकरी मेले, हे सांगायचं लोक विसरतात.

‘मारू नका’ला मात्र काडीचा आधार नाही. 1944 नंतर शाळेचा भर गनिमी युद्धावर गेला. ओकिनावात नाकानोच्या अधिकाऱ्यांनी 14 ते 17 वयाच्या सुमारे हजार मुलांची ‘गोक्योताई’ पथकं उभारली, आणि त्यातली दीडशेहून अधिक मुलं मेली. हातेरुमा बेटावरची गोष्ट तर कुठल्याही पटकथेपेक्षा गडद आहे. यामाशिता या खोट्या नावाने एक तरुण शिक्षक म्हणून तिथे आला. मुलांना शिकवलं, गावात मिसळला, लोकांचा लाडका झाला. 1945 च्या वसंतात त्याने तलवार उपसली आणि सगळ्या बेटाला शेजारच्या इरिओमोतेवर हलायचा हुकूम सोडला. इरिओमोते हिवतापाचं घर आहे हे गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. सुमारे 1,600 वस्तीतली जवळजवळ एक तृतीयांश माणसं हिवतापाने गेली. ओळख बदलणं, विश्वास कमावणं, वेळ येईपर्यंत थांबणं, यूकी जे जे शिकवतो ते सगळं त्या शिक्षकाला येत होतं.

आठव्या-नवव्या भागात मालिका काय करते, ते आता पाहा. कझातो नावाच्या अधिकाऱ्याची ‘वायू संस्था’ येते. तिचं ब्रीद उलटं: बेधडक मारा, बेधडक मरा. डी संस्था तिला हरवते. म्हणजे एकाच शाळेच्या दोन बाजू होत्या, त्या वेगळ्या करून दोन संस्थांना वाटून दिल्या, घाण कझातोच्या पदरात टाकली आणि नायकांचे हात धुऊन घेतले. कथा म्हणून हे दोन भाग चांगले आहेत. इतिहास म्हणून ती सफाई आहे.

“खरी हेरगिरी अशीच असते”

मुख्य दावा हाच, आणि मालिकेची पहिली गोष्ट त्याच्या बाजूने भक्कम साक्ष देते. लष्करी मुख्यालयाने पाठवलेला लेफ्टनंट साकुमा आणि केम्पेताईच्या, म्हणजे लष्करी पोलिसांच्या, वेषातली डी संस्थेची माणसं जॉन गॉर्डन या अमेरिकनाच्या घराची झडती घेतात. काही सापडलं नाही तर साकुमाने पोट फाडून घ्यायचं, असा पेच. पुरावा असतो भिंतीवरच्या सम्राटाच्या तसबिरीमागे. त्या काळच्या शाळांमध्ये ही तसबीर वेगळ्या बांधीव देवघरात ठेवत, आगीतून ती वाचवताना मुख्याध्यापक जिवाला मुकलेत. गणवेशातला कुठलाही माणूस तिला हात लावणार नाही, म्हणून लपवायला तीच जागा उत्तम. या कुलपाची किल्ली त्या काळाच्या मनात आहे. दुसऱ्या देशात, दुसऱ्या दशकात ही गोष्ट घडूच शकत नाही. ऐतिहासिक हेरकथेकडून याहून जास्त काय मागायचं?

दुर्दैव असं, की ही उंची तिसऱ्या भागापासून सुटते. लंडनच्या भागात डी संस्थेचा हेर कामिनागा ब्रिटिशांच्या हाती सापडतो, त्याला सत्य वदवणारं औषध टोचतात, आणि शेवटी कळतं की सगळं यूकीच्या आराखड्यात आधीपासून होतं. बाकीचे बरेच भाग याच साच्यातले: हेर अडकतो, शत्रू खूश होतो, मग शेवटच्या काही मिनिटांत आपल्यापासून लपवलेली माहिती पुढे येते. पेच सुटत नाही, पेच नव्हताच असं जाहीर होतं.

खरी हेरगिरी संथ असते, हे मान्य. पण ती चुकते, आणि बहुतेक वेळा घरच्या बाजूने चुकते. नेदरलँड्समधला ह्यूब लॉवर्स घ्या. ब्रिटनने पाठवलेला हा बिनतारी चालक 1942 च्या मार्चमध्ये द हेगला जर्मनांच्या हाती लागला. ठरलेली खूण अशी, की संदेशात दर सोळाव्या अक्षराला मुद्दाम चूक करायची. चूक नसेल तर चालक शत्रूच्या ताब्यात आहे असं समजायचं. जर्मनांनी त्याला संदेश पाठवायला लावलं आणि त्याने ती खूण गाळली. लंडनमध्ये कुणी लक्षच दिलं नाही. पुढे दीड वर्षाहून अधिक काळ लंडन माणसं आणि शस्त्रं पाठवत राहिलं आणि विमानातून उतरणाऱ्यांना जर्मन खाली झेलत राहिले. पन्नासच्या वर हेर असे पकडले गेले, बहुतेकांना मारलं. लॉवर्सने आपलं काम चोख केलं होतं. चुकलं ते ऐकणारं टेबल.

किंवा टोकियोतलंच घ्या, जिथे डी संस्थेचं घर आहे. रिचर्ड झोर्गे तिथे 1933 पासून जर्मन पत्रकार म्हणून वावरत मॉस्कोसाठी काम करत होता. त्याचा बिनतारी चालक माक्स क्लाउझन संच पिशवीत घालून वेगवेगळ्या घरांतून संदेश पाठवी. संकेतांसाठी वापरलं जाई जर्मन सांख्यिकी वार्षिक, जे कुठल्याही जर्मन व्यापाऱ्याच्या फडताळात शोभावं. जपान्यांना संदेश ऐकू येत, जागा सापडत नसे. 1940 मध्ये क्लाउझनने सुमारे 29 हजार शब्दगट पाठवले आणि 1941 मध्ये 13 हजारांच्या आसपास. कारण? आड म्हणून काढलेला नकलायंत्रांचा धंदा जोरात चालू लागला, साम्यवादावरचं मन उडालं, आणि पठ्ठ्या झोर्गेचे मजकूर निम्मे फाडून टाकू लागला! झोर्गेला पत्ता नाही. मालिकेच्या बाराव्या भागातल्या जर्मन पत्रकारावर झोर्गेची छाया उघड दिसते, पण क्लाउझनसारखं माणूसपण कुणाच्याच वाट्याला येत नाही.

भाषेचा मुद्दा यातच येतो. परदेशात वर्षानुवर्षं वावरणाऱ्या हेराचं अर्धं कसब उच्चारात असतं. इथे फ्रान्समधले बंडखोर, लंडनचे अधिकारी, बर्लिनचा कर्नल, सगळे अस्खलित जपानी बोलतात. हेर परक्यांत मिसळला कसा हे ऐकायला मिळत नाही, मानून घ्यावं लागतं.

“बायका तेव्हा या धंद्यात नव्हत्या”

टिपू सुलतानाच्या वंशातली नूर इनायत खान 1943 च्या जूनमध्ये बिनतारी चालक म्हणून फ्रान्समध्ये उतरली. चालक साधारण सहा आठवडे टिकेल असा हिशेब असताना ती तीन महिन्यांवर टिकली. तिची चूकही शिकण्यासारखी: पाठवलेल्या संदेशांच्या नकला ती वहीत ठेवत असे, आणि ती वही जर्मनांना मिळाली. सप्टेंबर 1944 मध्ये तिला डाखाउच्या छळछावणीत गोळी घातली. जपानच्या बाजूला मांचुरियात, म्हणजे ईशान्य चीनमध्ये, हेरगिरी करणारी योशिको कावाशिमा होतीच. डी संस्थेत बायका नसणं हा लेखकाचा निर्णय आहे, काळाचा नाही.

“सारखे चेहरे मुद्दाम आहेत”

असतील. हेर शत्रूला ओळखता येऊ नये. प्रेक्षकाला पाचव्या भागात कामिनागा की सहाव्यात ताझाकी हे कळत नसेल, तर तो मालिकेचा तोटा.

“राजकारणात न पडता इतिहास”

सहावा भाग आशिया एक्स्प्रेसवर घडतो. 1934 मध्ये दालियान ते शिनक्यो (आजचं चांगचुन) अशी सुरू झालेली ती गाडी 701 किलोमीटर साडेआठ तासांत कापायची. नंतर हार्बिनपर्यंत गेली, आणि हार्बिनबाहेर पिंगफांगला युनिट 731 माणसांवर जंतूंचे प्रयोग करत होतं. गाडी ज्या मांचुरियातून धावते तो जपानने बळकावलेला मुलूख. मालिकेला त्यात फक्त डब्यांची शोभा दिसते. याला तटस्थता म्हणायचं असेल तर म्हणा.

‘एकमेव’ तर मुळीच नाही. 2010 मध्ये ‘सेन्को नो नाइट रेड’ आली होती, 1931 च्या शांघायमधली. त्यात हेरांना अतींद्रिय शक्ती आहेत आणि उत्तरार्ध पार कोलमडतो, त्यामुळे तीही निराशाच. पण ज्याचं निमित्त करून जपानने मांचुरिया घेतला त्या 18 सप्टेंबर 1931 च्या मुकदेन प्रकरणाला तिने अख्खा सातवा भाग दिला, आणि तो दूरचित्रवाणीऐवजी फक्त इंटरनेटवर दाखवला गेला. त्यातले चिनी लोक चिनी बोलतात. हवेतून वस्तू हलवणाऱ्या नायकाची मालिका इतिहासाला थेट भिडते आणि ‘वास्तववादी’ म्हणवणारी वळसा घालून जाते, हे जरा चमत्कारिकच.

तरीही पाहायची असेल तर पहिले दोन भाग सलग पाहा. मग आठ-नऊ, मग अकरावा. अकराव्यात एक हेर बर्लिनजवळच्या रेल्वे अपघातात मरतो, शत्रूच्या नव्हे तर नशिबाच्या हातून, आणि जर्मन कर्नल त्या मृतदेहावरून त्याचा माग काढू पाहतो. यूकीच्या आराखड्यात न बसणारी घटना मालिकेत घडते ती इथे. तिसरा, सातवा आणि दहावा गाळले तरी कथेचा एकही धागा तुटत नाही.