पायराइट, चुंबक आणि मीठपाणी: एका फॉरवर्डची झडती

पायराइट नावाच्या, सोनेरी चमकणाऱ्या घनाकृती दगडाचा फोटो आणि खाली लांबलचक मजकूर, असा एक फॉरवर्ड फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे: पायराइटमध्ये लोह असतं, म्हणून त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. इतके काटेकोर घन आपोआप बनूच शकत नाहीत, ते पृथ्वीच्या ‘ऊर्जेने’ घडतात. तो प्रकाशापासून वीज बनवतो हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, म्हणून तो खोलीत सतत ऊर्जा सोडत राहतो. त्याच्या पोटात खरं सोनं असतं. आणि शेवटी, तो कधीच खराब होत नाही. अधूनमधून मीठपाण्यात बुडवला की ‘शुद्ध’ होतो, आणि ते पाणी प्यायलं तरी चालतं.

सगळीच थाप असती तर वाचून सोडून दिलं असतं. पण वीज आणि सोनं या दोन मुद्द्यांमागे खरोखरच संशोधन आहे, आणि त्या संशोधनाचं अर्धंच वाक्य उचललंय. शेवटचा मुद्दा तर अंगाशी येणारा आहे.

चुंबकापासून सुरुवात करू, कारण ते घरीच तपासता येतं. पायराइट म्हणजे लोह आणि गंधकाचं संयुग, FeS₂. वजनाने त्यात जवळजवळ 47 टक्के लोह असतं, तरीही साधा चुंबक त्याला चिकटत नाही. चुंबकत्व लोहाच्या नुसत्या असण्यावर ठरत नाही, त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीवर ठरतं. पायराइटमधल्या लोहाच्या अणूत या कामाचे सहा इलेक्ट्रॉन असतात आणि गंधकाच्या सहवासात ते तीन जोड्यांत बसतात. जोडीतल्या दोघांचा परिणाम एकमेकांना रद्द करतो, हाती काही उरत नाही. लोह आणि गंधकाचंच दुसरं खनिज, पिऱ्होटाइट, मात्र चुंबकाला चिकटू शकतं. त्यात लोहाच्या काही जागा रिकाम्या असतात आणि हिशोब बिघडतो. तेव्हा तुमचा ‘पायराइट’ चुंबकाला चिकटला तर आनंदून जाऊ नका, त्यात भलतंच खनिज मिसळलेलं असण्याची शक्यता आहे. 2020 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या गटाने पायराइटला चुंबकीय करून दाखवलं हे खरं. पण त्यासाठी पृष्ठभागाशी विद्युत्‌भारवाही द्रव लावून बाहेरून व्होल्टेज द्यावं लागलं, आणि व्होल्टेज काढताच चुंबकत्वही गेलं.

घनाकाराबद्दल मला फॉरवर्ड लिहिणाऱ्याचं आश्चर्य समजू शकतं. स्पेनमधल्या नावाहुन इथले घन पाहिले तर यंत्रावर कापल्यासारखेच वाटतात. पण एखादा घन हातात घेऊन तिरप्या उजेडात धरा. पृष्ठभागावर बारीक समांतर रेघा दिसतील. आता शेजारची बाजू पाहा: तिथल्या रेघा पहिल्या बाजूच्या रेघांना काटकोनात असतात. यंत्राने कापलेल्या घनावर असा नेमका क्रम कुणी कशाला कोरेल? या रेघा आतल्या अणूंच्या रचनेची सही आहेत. साधा घन 90 अंशांत फिरवला तर होता तसाच दिसतो. पायराइटमधली अणूंची मांडणी तशी दिसत नाही, कारण त्यातले गंधकाचे अणू जोडीजोडीने वेगवेगळ्या दिशांना कललेले आहेत. ही रचना विल्यम लॉरेन्स ब्रॅगने क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली, पहिलं महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास. थरावर थर चढत स्फटिक वाढतो आणि आतली शिस्त बाहेर दिसते. त्यासाठी वेगळी ‘ऊर्जा’ मानायची गरज नाही.

विजेचा मुद्दा सगळ्यात चलाखीने मांडलाय. पायराइट अर्धवाहक आहे आणि प्रकाश शोषण्यात सिलिकॉनच्या पुष्कळ पुढे आहे. एक मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) पातळ थरही बहुतेक सूर्यप्रकाश गिळतो. लोह आणि गंधक दोन्ही स्वस्त, त्यामुळे 1980 च्या दशकात बर्लिनमध्ये हेल्मुट ट्रिबुच यांच्या गटाने त्यापासून सौरघट बनवण्याचा नेट लावला. कार्यक्षमता सुमारे 2.8 टक्क्यांपर्यंत पोहोचली आणि गाडी तिथेच अडली, कारण मिळणारं व्होल्टेज 0.2 व्होल्टच्या आसपासच राहतं. स्फटिकाच्या पृष्ठभागावरचे आणि आतले दोष तयार झालेला विद्युत्‌भार वाटेतच खाऊन टाकतात, असं आज मानलं जातं. मुख्य म्हणजे ही वीज मिळवायला जोडण्या लागतात, पूर्ण मंडल (सर्किट) लागतं. टेबलावरचा सुटा पायराइट उन्हात ठेवला तर तो तापतो, एवढंच.

सल्फाइड खनिजांचा विद्युत्‌गुण खराखुरा वापरला गेल्याचं उदाहरण हवंच असेल तर जगदीशचंद्र बोस यांचं घ्या. गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइड, वापरून विद्युत्‌चुंबकीय लहरी टिपणाऱ्या उपकरणाचं अमेरिकन पेटंट त्यांना 1904 मध्ये मिळालं. पुढे बॅटरीशिवाय चालणारे क्रिस्टल रेडिओ याच तत्त्वावर घरोघरी पोहोचले, काहींत पायराइटही असे. पण आवाजासाठी लागणारी सगळी ऊर्जा प्रक्षेपण केंद्राकडून आलेल्या लहरींची असायची. स्फटिक फक्त प्रवाहाला एका दिशेने वाट देई.

सोन्याचं म्हणणं निम्मं खरं. अमेरिकेत नेवाडातल्या कार्लिन या खाणपट्ट्यात पायराइटमध्ये सोनं आहे, पण इतकं विखुरलेलं की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. तिथल्या पायराइटमध्ये सोन्यासोबत विषारी आर्सेनिकही असतं. सगळ्या पायराइटमध्ये काढण्याजोगं सोनं असतं हे मात्र खोटं.

आता मीठपाणी. ‘कधीच खराब होत नाही’ हे वाक्य संग्रहालयात जीवाश्म सांभाळणाऱ्या माणसाला ऐकवून पाहा. पायराइटयुक्त जीवाश्म कपाटात ठेवल्या ठेवल्या भुगा होतात, आणि या प्रकाराला तिथे ‘पायराइट रोग’च म्हणतात. हवेतला ऑक्सिजन आणि ओल यांच्याशी पायराइटची अभिक्रिया होऊन लोहाचं सल्फेट आणि गंधकाम्ल तयार होतं. सल्फेटला जागा जास्त लागते, म्हणून दगड आतून फुटतो. आम्लाने खालचं लेबल तपकिरी पडून जळाल्यासारखं होतं.

खाणींत हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. तिथे विरघळलेलं फेरिक लोह स्वतःच पायराइटवर हल्ला करतं आणि त्यात एक इलेक्ट्रॉन घेऊन त्याचं फेरस लोह होतं. ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्ससारखे जिवाणू त्याला पुन्हा फेरिक करतात, आणि चक्र फिरत राहतं. जिवाणूंमुळे या टप्प्याचा वेग दहा लाख पटींपेक्षा जास्त वाढू शकतो, असं सिंगर आणि स्टम या संशोधकांनी 1970 मध्ये मांडलं. कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीत पाण्याचा सामू (pH, जितका कमी तितकं पाणी जास्त आम्लधर्मी) उणे 3.6 मोजला गेलाय. होय, उणे.

वाटीभर पाण्यात बुडवलेल्या एका घनाचं असं काही होणार नाही, हे मान्य. चांगला घट्ट स्फटिक बराच काळ टिकतोही. पण ‘शुद्ध’ करायच्या नावाखाली आपण त्याला नेमकं जे नको तेच देतो. पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असतोच, आणि फटीत राहिलेलं मीठ नंतरही ओल धरून ठेवतं. ते पाणी तर पिऊच नका. पायराइटमध्ये आर्सेनिक असू शकतं, ते पाण्यात उतरू शकतं, आणि तुमच्या दगडात ते किती आहे हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही.

पायराइट आवडत असेल तर जरूर ठेवा, पण कोरडा. बंद डबीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाका, धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका. पांढरी-पिवळसर भुकटी दिसली किंवा गंधकाचा आंबट दर्प आला तर तो नमुना बाकीच्यांपासून वेगळा करा, भुकटी उघड्या हाताने पुसू नका, आणि खालचा कागद बदला.