झूम कॅमेऱ्याच्या पहिल्या रोलविषयी आपण केलेल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडून घेतलेल्या जुन्या ऑटोफोकस झूम कॅमेऱ्यातला पहिला रोल निम्म्याहून अधिक वाया गेला, फ्लॅश नको तेव्हा पेटला, माणसांची डोकी कापली गेली आणि चांगला फोन असताना ‘न तपासलेले भंगार’ आपल्या गळ्यात मारले गेले, असे आपण लिहिले आहे. रोलचे आणि धुलाईचे पैसे मोजून हाती अस्पष्ट प्रिंट आल्यावर संताप होणे अगदी स्वाभाविक आहे. आपण प्रिंटबरोबर निगेटिव्हच्या पट्ट्यांचाही फोटो जोडला, याबद्दल आभार, कारण त्यामुळेच मला मोघम न बोलता मुद्द्याचे उत्तर देता येते.

आधी तपासणीविषयी. या कॅमेऱ्यांच्या मागच्या झाकणाला लावलेला फोम वर्षानुवर्षांनी चिकट होऊन झडतो, तिथून उजेड आत शिरतो आणि फिल्मवर त्याचे पट्टे उमटतात. असे पट्टे बहुतेक वेळा फोटोच्या चौकटीत थांबत नाहीत, तर दोन फोटोंमधल्या कोऱ्या जागेतही पसरतात. आपल्या निगेटिव्हच्या पट्ट्यांवर ती जागा स्वच्छ आहे, चौकटींमधले अंतर सारखे आहे आणि कडेला छापलेले आकडे ठळक दिसतात. म्हणजे झाकण उजेड अडवते आहे, रोल नीट पुढे सरकतो आहे आणि लॅबनेही धुलाईत कसूर केलेली नाही. फोम बदलून आणि एक रोल प्रत्यक्ष काढून पाहिल्याशिवाय आम्ही कॅमेरा विकत नाही, त्यामुळे ‘न तपासलेले’ हा शब्द मला मान्य करता येत नाही.

आता बिघडलेले फोटो. गाडीच्या खिडकीतून काढलेला डोंगराचा फोटो कृपया पुन्हा एकदा पाहावा. डोंगर धूसर आहे, परंतु काचेवरचे पावसाचे थेंब आणि एक ओरखडा लख्ख दिसतो. भिंग खराब असते तर थेंबही धूसर आले असते. हा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड किरण सोडतो आणि तो समोरच्या वस्तूवरून कोणत्या कोनात परत येतो त्यावरून अंतर ठरवतो. कॅननने १९७९ मध्ये एएफ-३५ एम या कॅमेऱ्यात ही पद्धत आणली आणि पुढे असंख्य स्वस्त कॅमेऱ्यांनी ती उचलली. अंधारातही ती चोख काम करते, मात्र काच आडवी आली की किरण काचेवरूनच परततो आणि कॅमेरा काचेलाच फोटोचा विषय समजतो. त्यासाठीच वरच्या बाजूला डोंगराचे चिन्ह असलेले बटण दिलेले आहे. ते दाबले की फोकस थेट दूरवर लागतो.

दोन मुली शेजारी शेजारी उभ्या असलेल्या फोटोत मागची भिंत स्पष्ट आणि मुली अस्पष्ट आल्या आहेत, कारण कॅमेरा फक्त मधोमध पाहतो आणि तिथे दोघींमधली मोकळी जागा होती. एकीच्या चेहऱ्यावर रोखून बटण अर्धे दाबावे, तसेच धरून चौकट हवी तशी जुळवावी आणि मग पूर्ण दाबावे. ही सवय एका रोलमध्ये अंगवळणी पडते.

संध्याकाळचे फोटो हलले आहेत, त्याचे कारण झूममध्ये आहे. ३८ ते १०५ मिलिमीटर पल्ल्याच्या अशा भिंगाचे छिद्र रुंद टोकाला, म्हणजे झूम पूर्ण मागे असताना, साधारण एफ ४.५ असते आणि लांब टोकाला, म्हणजे झूम पूर्ण पुढे काढल्यावर, ते एफ ९ च्या आसपास जाते; एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान. म्हणजे आत येणारा उजेड सुमारे एक चतुर्थांश उरतो. जिथे १/६० सेकंद पुरले असते तिथे कॅमेऱ्याला १/१५ सेकंद शटर उघडे ठेवावे लागते, आणि तेवढ्या वेळात, त्यातही लांबच्या टोकाला, हात स्थिर राहत नाही. म्हणून मी सहसा झूम नसलेलाच कॅमेरा सुचवतो. ज्यांना झूम हवाच असतो, त्यांनी ४०० वेगाचा, म्हणजे कमी उजेडातही चालणारा रोल घालावा आणि ऊन कलल्यावर झूम पूर्ण मागे घ्यावा. रोलचा वेग त्याच्या डबीवरच्या डीएक्स कोडवरून, म्हणजे काळ्या-चंदेरी चौकोनांवरून, कॅमेरा स्वतः वाचतो.

फ्लॅशचे म्हणाल, तर या जातीचे बहुतेक कॅमेरे बंद करून पुन्हा सुरू केले की स्वयंचलित फ्लॅशवर परततात, त्यामुळे तो नको असल्यास दर वेळी बंद करावा लागतो. हे कटकटीचे आहे, यात शंका नाही. डोकी कापली जातात ती व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, आणि भिंग वेगवेगळ्या जागी असल्यामुळे; जवळचा फोटो काढताना आतल्या लहान खुणांच्या मर्यादेत चेहरा ठेवावा.

फोनशी आपण केलेली तुलना रास्त आहे. कमी उजेडात फोन अनेक फोटो एकत्र करून एक बनवतो, आणि तिथे हा कॅमेरा त्याची बरोबरी करू शकत नाही. परंतु आपल्याच रोलमधला भर उन्हात पायरीवर बसलेल्या आजोबांचा फोटो पाहावा: पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या शाबूत आहेत, आणि उन्हाकडून सावलीकडे जाणारा रंग कुठेही तुटलेला नाही. कलर निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड फार चांगला सोसते. खिशात मावणारा, महागड्या कॅमेऱ्यासारखा जपत बसावा न लागणारा कॅमेरा असे फोटो रोज देऊ शकतो, हा माझा ठाम विश्वास आहे, आणि म्हणूनच मी हे काम करतो.

एक कळकळीची विनंती. ‘स्वतःच उघडून पाहतो’ असे आपण शेवटी लिहिले आहे, ते कृपया करू नये. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा भार साठतो आणि सेल काढल्यानंतरही तो बराच काळ टिकतो. त्याचा धक्का गंभीर असतो.

कॅमेरा दुकानात आणावा, आपल्यासमोर शटर आणि फोकस तपासून देतो. दोष आढळल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल. दोष नसला आणि तरीही हा कॅमेरा नकोसा वाटला, तर बदल्यात ऑलिंपस ट्रिप ३५ घेता येईल. १९६७ पासून बनलेल्या या कॅमेऱ्याला सेल लागत नाही, भिंग ४० मिलिमीटर एफ २.८ चे आहे, आणि स्वयंचलित स्थितीत उजेड अपुरा असेल तर लाल पट्टी वर येऊन शटर दाबलेच जात नाही, त्यामुळे फिल्म वाया जात नाही. येताना प्रिंटऐवजी निगेटिव्हच्या सगळ्या पट्ट्या आणाव्यात. बिघडलेल्या फोटोंचे कारण त्यांवरूनच नेमके सांगता येते.