खाली केलेली गाडी आदळते, ती कडक स्प्रिंगमुळे नव्हे

गाडी खाली करायचा, म्हणजे तिची जमिनीपासूनची उंची कमी करायचा, विषय निघाला की एक सल्ला ठरलेला असतो. तो इतक्या हातांतून फिरलाय की आता कोणी तपासूनही बघत नाही. थोडक्यात असा: ‘गाडी खाली केली की आराम गेलाच. त्यातल्या त्यात आराम हवा असेल तर मऊ लोअरिंग स्प्रिंगा टाका, शॉकअप कंपनीचेच राहू द्या. कॉइलओव्हर ट्रॅकवाल्यांसाठी असतात. घेतलेच तर क्लिक पूर्ण सैल ठेवा. एअर सस्पेन्शन म्हणजे नुसता शो.’ (शॉकअप स्प्रिंगचं झुलणं आवरतो. कॉइलओव्हर म्हणजे उंची बदलता येणारी शॉकअप-स्प्रिंगची जोडी, क्लिक म्हणजे शॉकअपचा जोर बदलणाऱ्या नॉबचे टप्पे, आणि एअर सस्पेन्शनमध्ये पोलादी स्प्रिंगच्या जागी हवा असते.)

मी हा सल्ला अक्षरशः पाळला होता. 40 मिमी खाली नेणाऱ्या ‘आरामदायी’ स्प्रिंगा, बाकी सगळं मूळचं. पहिल्या आठवड्यापासून पुलावरच्या सांध्यांवर मणक्यात दणका बसायला लागला. ज्याला विचारावं तो म्हणे, स्प्रिंगच कडक आहे. शेवटी पुढचं चाक काढलं आणि शॉकअपच्या दांड्यावरचं रबरी बूट वर सरकवलं. आत बंपस्टॉपर होता, म्हणजे चाक फार वर गेलं की त्याला अडवणारा, दांड्यावर ओवलेला तो फोमसारखा पिवळा ठोकळा. त्याच्या खालच्या कडेला चिरा पडल्या होत्या, एक कोपरा चघळल्यासारखा झाला होता आणि दांड्यावर त्याचाच भुगा चिकटला होता. स्प्रिंगचा काही दोष नव्हता. मी रोज त्या ठोकळ्यावर बसून गाडी चालवत होतो.

‘खाली केली की आराम गेलाच.’ हे अर्धं खरं आहे, म्हणून तर टिकून राहिलंय. आराम उंचीवर अवलंबून नसतो. चाकाला वर जायला किती जागा उरली आहे, त्यावर अवलंबून असतो. मूळ गाडीत बंपस्टॉपरला टेकण्याआधी समजा 55 मिमी मोकळी जागा आहे. नुसत्या स्प्रिंगा बदलून गाडी 40 मिमी खाली आणली, तर 15 उरतात. रस्ता तोच, खड्डे तेच, आणि ते पचवायला दीड सेंटिमीटर.

उलट उदाहरण हवं असेल तर 1955 सालची सित्रोएन डीएस बघा. तिच्यात पोलादी स्प्रिंगांऐवजी दाबाखालचा वायू आणि तेल होतं. ती जमिनीला बिलगून चालल्यासारखी दिसायची, तरी मऊ चालीसाठी आजही तिचंच नाव घेतात. तिच्या चाकांना हलायला भरपूर जागा ठेवलेली होती.

‘मऊ स्प्रिंग म्हणजे आराम.’ इथे जरा थांबू, कारण सगळा घोळ इथेच आहे.

एका कोपऱ्यावर स्प्रिंगच्या वरचं वजन 300 किलो धरा. चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा 20 न्यूटन प्रति मिमी असेल, तर गाडी सेकंदाला साधारण 1.3 वेळा झुलते, म्हणजे 1.3 हर्ट्झ. बहुतेक घरगुती गाड्या 1 ते 1.5 हर्ट्झच्या आसपास असतात. आता स्प्रिंग दीडपट कडक करा, 30 न्यूटन. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण झुलणं जातं फक्त 1.6 हर्ट्झवर, कारण ते कडकपणाच्या वर्गमुळाने वाढतं. 1.6 म्हणजे तरतरीत चाल. तिला त्रासदायक म्हणता येत नाही. माणसाच्या धडाला उभे हादरे सर्वाधिक खुपतात ते साधारण 4 ते 8 हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि साध्या स्प्रिंगा त्याच्या जवळपासही जात नाहीत. बंपस्टॉपर मात्र जातो. तो टेकला की काही मिलिमीटरांतच कोपऱ्याचा कडकपणा कित्येक पट होतो, आणि आपण म्हणतो ‘स्प्रिंग कडक’.

मग स्प्रिंग भरपूर कडक केली की कमी जागेत भागेल का? तेही होत नाही. रस्त्याच्या एखाद्या घळीत गाडीचा तो कोपरा सेकंदाला 0.4 मीटर वेगाने खाली दबतोय असं समजा आणि शॉकअपची मदत क्षणभर विसरा. 20 च्या स्प्रिंगला तो थांबवायला सुमारे 49 मिमी लागतात, 30 च्या स्प्रिंगला 40. दीडपट कडक करून वाचले फक्त 9 मिमी. जागा निम्म्यावर आणायची तर स्प्रिंग चौपट कडक हवी, आणि चौपट म्हणजे 2.6 हर्ट्झ, ते रेसच्या गाडीचं काम. म्हणून ब्रँड, मॉडेल, लाल की निळी स्प्रिंग या सगळ्याच्या आधी आरामाचा निर्णय होतो तो ‘किती खाली’ या प्रश्नावर. माझ्या मते रोजच्या गाडीला 25-30 मिमी पुरे. त्यापुढचा प्रत्येक मिलिमीटर दिसायला छान असतो आणि बसायला महाग पडतो.

‘मऊ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्प्रिंगांची एक गंमतही सांगतो. त्या बऱ्याचदा प्रोग्रेसिव्ह असतात: वरचे वेढे जवळजवळ, खालचे लांब. जवळचे वेढे मऊ, हे खरं. पण गाडी नुसती उभी असतानाच ते एकमेकांवर बसून बंद झालेले असतील, तर चालताना त्यांचा काहीच उपयोग नाही. गाडी चाकांवर असताना वाकून बघा, वेढ्यांमध्ये फट दिसते का ते लगेच कळतं. आणि मूळ स्प्रिंगचा वेढा कापून गाडी खाली करणाऱ्यांसाठी एकच वाक्य: सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग 20 टक्के कडक होते, शिवाय कापलेलं टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही.

‘शॉकअप कंपनीचेच राहू द्या.’ मूळ शॉकअप मूळ उंचीसाठी कापलेले असतात. गाडी खाली आली की दांडा कायमचा आत ढकललेला राहतो आणि वरची मोकळी जागा संपते. त्यात दबलेली जास्त कडक स्प्रिंग परत उसळते तेव्हा तिला आवरायला मूळ शॉकअपचा रिबाउंड (स्प्रिंग सुटताना तिला धरून ठेवणारा जोर) कमी पडतो, म्हणून गाडी उंचवट्यानंतर एक जास्तीचा हेलकावा घेते. मागच्या सीटवरच्या माणसाला मळमळतं ते त्यामुळे. जुने, तेल गळालेले शॉकअप असतील तर बोलायलाच नको.

इथे विकत घेण्याजोगी गोष्ट म्हणजे आखूड केलेला शॉकअप. शॉकअप बनवणाऱ्या बिलस्टीनच्या यादीत हा फरक स्पष्ट दिसतो: बी6 मूळ उंचीसाठी, बी8 खाली केलेल्या गाडीसाठी आखूड. आत तंत्र तेच, मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचं. नुसतं नाव ऐकून बी6 घेतला आणि वर लोअरिंग स्प्रिंग बसवली, की चांगला शॉकअप वाईट जागी गेला. कोनीचे एफएसडी शॉकअप वेगळ्या वाटेने जातात. चाक भराभर थरथरायला लागलं की आतल्या तेलाला एक जास्तीची वाट मोकळी होते आणि दाब कमी होतो. गाडी संथ झुलत असेल तर ती वाट बंद राहते. ज्याला वळणावर पकड आणि खडबडीत रस्त्यावर मऊपणा, दोन्ही हवंय, त्याने निदान ही कल्पना समजून घ्यावी.

काही स्प्रिंगांसोबत बंपस्टॉपर ठरावीक माप कापायची सूचना येते. ती पाळा, पण तेवढीच. जोशात सगळाच कापला की शेवटी लोखंडावर लोखंड आपटतं आणि शॉकअप आतून फुटतो.

‘कॉइलओव्हर ट्रॅकसाठी.’ स्वस्त कॉइलओव्हरांनी हे नाव कमावलंय, हे कबूल. पण कॉइलओव्हर म्हणजे शेवटी उंची ठरवता येणारा शॉकअप आणि त्यावरची स्प्रिंग, इतकंच. बघायचं ते उंची कशी बदलते हे. एका प्रकारात स्प्रिंगखालची कॉलर आट्यांवरून खाली फिरवायची. त्यात गाडी जितकी खाली, तितकी आतली जागा कमी. दुसऱ्या प्रकारात शॉकअपचं अख्खं शरीर खालच्या ब्रॅकेटमध्ये वर-खाली फिरतं. त्यात उंची बदलली तरी दांड्याचा प्रवास तेवढाच राहतो. (टायर आतून गार्डला लागणार नाही हे मात्र तपासावं लागतं.) आराम हवा असेल तर दुसरा प्रकार घ्या.

स्प्रिंगचे आकडे वाचतानाही फसगत होते. यादीत मागे 8 किलो प्रति मिमी दिसलं की लोक घाबरतात. पण स्प्रिंग चाकाच्या बरीच आत, आर्मवर (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यावर) बसलेली असेल, तर चाकापर्यंत पोचणारा कडकपणा बराच कमी असतो. चाक 10 मिमी हललं की स्प्रिंग 6 मिमी दबत असेल, तर 0.6 चा वर्ग, म्हणजे 0.36 ने गुणायचं. 8 किलो म्हणजे साधारण 78 न्यूटन. चाकापाशी उरले 28. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (शॉकअप आणि स्प्रिंग चाकाजवळ एकत्र बसवलेल्या रचनेत) मात्र स्प्रिंग आणि चाक जवळजवळ बरोबरीने हलतात, तिथे यादीतला आकडाच जवळपास खरा. त्यामुळे पुढचा-मागचा आकडा शेजारी ठेवून तुलना करायची नाही. विक्रेत्याला हे गुणोत्तर विचारा. त्याला माहीत नसेल, तर तो स्प्रिंग विकत नाही, रंग विकतोय.

पुढचं आणि मागचं झुलणं हे जोडीने ठरवायचं असतं. मॉरिस ऑली या अभियंत्याने 1930च्या दशकात कॅडिलॅकमध्ये काम करताना दाखवलं की मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जलद झुलणारी असावी. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागची चाकं उशिरा पोचतात. मागची बाजू जलद असली की ती पुढचीला गाठते आणि डोकं पुढे-मागे डुलत राहत नाही. फक्त पुढच्या स्प्रिंगा बदलून ‘नाक खाली’ करणाऱ्या गाड्या नेमकं हेच बिघडवतात.

‘क्लिक पूर्ण सैल ठेवा.’ क्लिकने स्प्रिंग मऊ होत नाही आणि जागा वाढत नाही. एकच नॉब असलेल्या बहुतेक शॉकअपमध्ये तो मुख्यतः रिबाउंड बदलतो, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती जलद सुटते ते. पूर्ण सैल केला की गाडी झुलत राहते, पुढचा खड्डा येईपर्यंत सावरत नाही, आणि बंपस्टॉपरवर जास्त वेळा आदळते. पूर्ण आवळला तर उलटं: लागोपाठच्या खड्ड्यांत चाक परत खाली यायला वेळच मिळत नाही, गाडी टप्प्याटप्प्याने खाली बसत जाते आणि शेवटी पुन्हा बंपस्टॉपर. मधून सुरुवात करा, एका वेळी दोन क्लिक, ओळखीचा एकच रस्ता.

एअर सस्पेन्शनबद्दल फार लिहीत नाही. शो असतो तो पार्किंगमध्ये, पूर्ण बसवलेल्या उंचीवर. चालवायच्या उंचीवर ठेवलं तर चार माणसं आणि सामान भरूनही झुलणं फारसं बदलत नाही, आणि ते पोलादी स्प्रिंगला जमत नाही. खालच्या उंचीवरच चालवायचं असेल तर हवाही जागा निर्माण करू शकत नाही.

या सल्ल्यात नसलेल्या दोन गोष्टी राहतात. एक, टायर. 205/55 आर16 ची बाजूची भिंत 113 मिमी असते, 225/35 आर19 ची 79. खाली करताना लोक चाकंही मोठी करतात, आणि गेलेल्या त्या साडेतीन सेंटिमीटर रबराचा दोष सस्पेन्शनवर ढकलतात.

दुसरी गोष्ट मला माझ्याच गाडीने शिकवली. आखूड शॉकअपचे चांगले कॉइलओव्हर बसवूनही पुढची बाजू बारीक खडबडीवर ताठ वाटत होती. म्हणून बंपस्टॉपर तपासला. दांड्यावर प्लॅस्टिकची एक झिप टाय आवळली, शॉकअपच्या डोक्याला टेकवून ठेवली, रोजचा रस्ता फिरून आलो आणि ती किती वर ढकलली गेली ते मोजलं. ठोकळ्यापर्यंत अजून 20 मिमी बाकी होते. जागेचा प्रश्न नव्हता. मग आठवलं, की बसवताना गाडी लिफ्टवर होती, चाकं लोंबत होती, आणि लोअर आर्मचे बोल्ट तशाच स्थितीत पूर्ण आवळले होते. आर्मचं रबरी बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. लोंबत्या स्थितीत आवळलं की गाडी जमिनीवर आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि स्वतःच एक जास्तीची स्प्रिंग बनतं. गाडी चाकांवर, रॅम्पवर उभी केली आणि आर्मचे बोल्ट सैल केले. दोन्ही बाजूंनी एकेकदा ‘कट्’ असा आवाज आला आणि पुढची बाजू 4 मिमी खाली बसली. तशीच परत आवळली, कॉलर दोन फेरे वर घेतली आणि अलाइनमेंट करून घेतली.