चाकण-रांजणगावला सीव्ही पाठवण्याआधी

निकाल लागले की झेरॉक्सच्या दुकानांमधून एकच वर्ड फाइल फिरायला लागते. वर मोठ्या अक्षरांत 'रेझ्युमे', खाली करिअर ऑब्जेक्टिव्हच्या तीन ओळी, मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद, आणि तळाशी 'वरील सर्व माहिती खरी आहे' असं डिक्लरेशन. नाव आणि टक्के बदलायचे, दहा प्रती काढायच्या. त्या अख्ख्या पानावर मुलाला काय काम येतं हे कुठेच नसतं. हात चांगला असलेली, मशीनची जाण असलेली मुलं फक्त या एका कागदामुळे मागे पडतात, याचं फार वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

हे मुख्यतः चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड, बुटीबोरी अशा एमआयडीसीत पहिली-दुसरी नोकरी शोधणाऱ्या आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांसाठी आहे. बी.कॉम. करून अकाउंट्सकडे जाणाऱ्यांसाठीही पुढे थोडं आहे.

आधी काय काढायचं ते. आपण लग्नाला आणि नोकरीला 'बायोडाटा' हा एकच शब्द वापरतो, आणि लग्नाच्या बायोडाटातली अर्धी माहिती नोकरीच्या कागदात शिरते. वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, वैवाहिक स्थिती यांतलं काहीही खासगी कंपनीच्या सीव्हीत नको. (सरकारी भरतीत जातीचा दाखला, डोमिसाइल लागतं, पण तिथे ठरलेला अर्ज असतो.) फोटो मागितला असेल तरच लावा. आधार आणि पॅन नंबर तर चुकूनही लिहू नका. सीव्ही कुठकुठल्या ग्रुपवर फिरेल याचा नेम नसतो. पूर्ण पत्त्याऐवजी 'सध्या राहणार: भोसरी' एवढं पुरे, आणि ते मात्र जरूर लिहा. कंपनीची बस कुठून जाते, पहिल्या पाळीला माणूस वेळेत पोहोचेल का, हे प्लांटमध्ये खरोखर बघतात. 'तिन्ही पाळ्यांना तयार' असाल तर तेही लिहा.

नावाचं एक बघून घ्या. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर क्रम वेगळा असतो, कधी स्पेलिंगच वेगळं असतं. सीव्हीवर नाव-आडनाव असा क्रम ठेवा, पण स्पेलिंग कागदपत्रांप्रमाणेच ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी कागदपत्रांवर जे नाव आहे ते लिहावं. रुजू होताना पीएफच्या केवायसीत एका अक्षरासाठी हेलपाटे पडतात.

आता मुद्द्याचं. हार्डवर्किंग, पंक्च्युअल, क्विक लर्नर, टीम प्लेअर हे शब्द प्रत्येकाच्या सीव्हीत असतात, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावर ठरतच नाही. 'सीएनसी ऑपरेटर म्हणून काम केलं' (सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेवर चालणारं मशीन) या ओळीतूनही काही हाती लागत नाही. कुठलं मशीन, कुठला कंट्रोल, कुठला पार्ट, किती टॉलरन्स (मापात चालणारा फरक), कशाने मोजायचात, सेटिंग स्वतः करायचात की सेटर यायचा, हे हवं. तीच ओळ नमुना म्हणून अशी लिहून बघा (इंग्रजीत लिहिताना मजकूर हाच ठेवा):

'फॅनुक कंट्रोलची २ सीएनसी टर्निंग मशीन एकट्याने चालवली. स्टील शाफ्ट, व्यास २५ मिमी, टॉलरन्स ±०.०२ मिमी, तपासणी मायक्रोमीटरने. इन्सर्ट बदलणं आणि टूल ऑफसेट देणं स्वतः. ८ तासांच्या पाळीत साधारण १६० नग.'

ही ओळ वाचून प्रॉडक्शनचा माणूस थांबतो, कारण तिच्यातलं सगळं त्याला ताडून बघता येतं, आणि तो बघतोच. समजा सायकल टाइम (एक नग व्हायला लागणारा वेळ) ५ मिनिटं आहे. जेवण-चहा वजा जाता ७ तास म्हणजे ४२० मिनिटं, एका मशीनवर ८४ नग, दोन्हीवर १६८. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलायला थोडा वेळ गेला तर १६० पटतात. कुणी वजन वाढवायला ४०० लिहिलं तर सायकल टाइम २ मिनिटांच्या आसपास यायला हवा, आणि मुलाखतीत तोंडून ५ मिनिटं निघून जातं. तसंच मोजमापाचं. ±०.०२ चं टॉलरन्स लिहून पुढे 'व्हर्नियरने तपासणी' लिहिलं की शंका आलीच, कारण नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ असतो. आकडे लिहाच, पण आपले लिहा. नक्की आठवत नसतील तर जुन्या सहकाऱ्याला फोन करून विचारा, दुसऱ्याच्या सीव्हीतून उचलू नका.

क्वालिटीवाल्यांनी '७ क्यूसी टूल्सचं ज्ञान' यावर थांबू नये. कुठल्या दोषासाठी पॅरेटो (कुठला दोष जास्त होतो ते दाखवणारा आलेख) काढला, ८डी मध्ये (दोषाचं मूळ शोधून तो दूर करायची टप्प्याटप्प्याची पद्धत) तुमचा भाग कुठला होता, पीपॅपची (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घ्यायची) फाइल स्वतः तयार केलीत की फक्त डायमेन्शन रिपोर्ट भरलात? फक्त रिपोर्ट भरला असेल तर तसंच लिहा. त्यालाही किंमत आहे. मेंटेनन्सवाल्यांनी ब्रेकडाउन नेमके कशाचे काढले ते लिहावं: हायड्रॉलिक पॉवर पॅक, स्पिंडल, सेन्सर, ड्राइव्ह. इलेक्ट्रिशियनकडे वायरमन परवाना असेल तर तो मुदतीसकट वरच्या अर्ध्या पानात यायला हवा. बहुतेकांच्या सीव्हीत तो छंदांच्या शेजारी दडलेला असतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कंत्राटदाराच्या नावावरून, त्यामुळे यावर थोडा वेळ घालवतो. मुलगा दोन वर्षं एका मोठ्या वाहन कंपनीच्या गेटमधून आत जातो, तिथला गणवेश घालतो, तिथल्या कॅन्टीनला जेवतो. साहजिकच सीव्हीत त्याच कंपनीचं नाव लिहितो. पण पगार आणि पीएफ कंत्राटदाराकडून. नव्या कंपनीची पडताळणी होते तेव्हा यूएएनवरचा (पीएफच्या कायम क्रमांकावरचा) सेवा तपशील बघितला जातो. त्यात कंत्राटदाराचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते, मोठ्या कंपनीचा पत्ताच नसतो. मुलाने काम खरंच केलेलं असतं, तरी कागदावर तो खोटा ठरतो आणि हातातली ऑफर जाते.

लिहायची पद्धत सोपी आहे. नोकरी देणारा म्हणून कंत्राटदाराचं नाव, त्याच्याच पुढे 'कामाचं ठिकाण' म्हणून कारखान्याचं नाव, लाइन आणि विभाग. यात कमीपणा काही नाही. भरती करणाऱ्यांना ही व्यवस्था पुरती ठाऊक असते. एकाच लाइनवर काम करताना मध्ये कंत्राटदार बदलले असतील, किंवा सात-आठ महिन्यांनी ब्रेक देऊन पुन्हा घेतलं असेल, तर तीन वेगळ्या नोकऱ्या दाखवू नका. वर कारखाना आणि काम एकदाच लिहा आणि त्याखाली कंत्राटदार आणि महिने ओळीने द्या. नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं की हा कुठेच टिकत नाही. तारखा नेहमी महिना-वर्ष अशा द्या, आणि लिहिण्याआधी ईपीएफओच्या पोर्टलवर आपला सेवा तपशील उघडून त्याच्याशी जुळवा. सोडल्याची तारीख तिथे भरलेलीच नसेल तर ती आधी मार्गी लावा. अप्रेंटिस किंवा ट्रेनी असताना पीएफ कापला जात नसेल तर त्या काळाचा पुरावा म्हणजे कंपनीचं पत्र किंवा प्रमाणपत्र. ते बाहेर पडतानाच घ्या. वर्षभराने एचआरमधला माणूस बदललेला असतो.

गॅप असेल तर एका ओळीत लिहा. घरची शेती, आजारपण, स्पर्धा परीक्षा, जे असेल ते. तारखा ताणून गॅप बुजवायला गेलात तर वर सांगितलेल्या तपशिलात ते उघडं पडतं.

अनुभवच नसेल त्यांनी डिप्लोमाच्या इन-प्लांट ट्रेनिंगपासून सुरुवात करावी. किती आठवडे, कुठला विभाग, काय हाताळलं. प्रोजेक्ट चार जणांचा असतो, त्यात तुमच्या वाट्याला काय होतं ते सांगा: ड्रॉइंग, वेल्डिंग, की नुसता रिपोर्ट? विकतचा प्रोजेक्ट असेल तर तो सीव्हीत घेऊच नका, दुसऱ्या प्रश्नाला अडकाल. टक्के किंवा सीजीपीए मार्कशीटवर आहे तसाच द्या, ७.८४/१० असा. प्रत्येक विद्यापीठाचं टक्क्यांत बदलायचं सूत्र वेगळं आहे, मनाने बदलू नका. एमएस-सीआयटीला एक ओळ खूप झाली. ऑटोकॅड लिहिलं तर त्यात काढलेल्या एका ड्रॉइंगचं नावही लिहा.

बी.कॉम.वाल्यांचं दुखणं 'टॅली आणि जीएसटीचं ज्ञान' या ओळीत आहे. महिन्याला साधारण किती व्हाउचर टाकायचात? बँक रिकन्सिलिएशन स्वतः करायचात का? महिन्याचं रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची (विक्रीचा तपशील) ११ तारीख, २बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून तयार होणारं विवरण) येण्याची १४ तारीख आणि ३बी ची (कर भरायचं रिटर्न) २० तारीख यांतलं कुठलं काम तुमच्या टेबलावर होतं? 'खरेदी नोंदींचा २बी शी ताळा, न जुळलेल्या बिलांसाठी पुरवठादारांकडे पाठपुरावा' ही एक ओळ सर्टिफिकेट कोर्सच्या तीन ओळींपेक्षा जास्त बोलते.

आता फाइल. ए४चं एक पान. आठ-दहा वर्षांच्या अनुभवाला दोन. अक्षर १०.५ किंवा ११, एकच फॉन्ट, एकच कॉलम. मोबाइल ॲपमधली दोन कॉलमची रंगीत टेम्पलेट दिसायला देखणी असतात, पण भरतीचं सॉफ्टवेअर कधी कधी डावी-उजवी ओळ जोडून वाचतं आणि कंपनीच्या नावापुढे तुमचे छंद येतात. इंग्रजी ८० टक्के, वेल्डिंग ९० टक्के असल्या पट्ट्यांतून कुणालाच काही कळत नाही. फोन नंबर वर्डच्या हेडरमध्ये टाकू नका, काही सॉफ्टवेअर तो भाग सोडून देतात. स्कॅन करून बनवलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो, त्यातला मजकूर शोधात सापडत नाही. तपासायची रीत अशी: पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे गडबडलेलं दिसेल ते समोरच्या सॉफ्टवेअरलाही तसंच दिसण्याची शक्यता आहे.

पतसंस्था, शाळा, स्थानिक दुकान यांना मराठीत सीव्ही चालतो. फक्त युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमधली वर्ड फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांचा काला होतो.

जाहिरात दोनदा वाचा. त्यात व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन) लिहिलं असेल आणि तुम्हाला ते येत असेल, तर तुमच्या सीव्हीतही व्हीएमसी हाच शब्द हवा, कारण शोध त्याच शब्दाने होतो. फाइलचं नाव 'रेझ्युमे फायनल न्यू २' नको. नाव, पद, अनुभव एवढं द्या. ईमेलच्या विषयातही तेच, शिवाय सध्याचं ठिकाण. आत चार ओळी: कुठल्या जागेसाठी, काय येतं, कधी रुजू होऊ शकता, फोन नंबर. कोरा मेल पाठवू नका. गूगल ड्राइव्हची लिंक पाठवू नका. परवानगी मागणारं पान उघडलं की समोरचा पुढच्या अर्जाकडे वळतो.

वॉक-इनला जाताना सीव्हीच्या तीन प्रती न्या: एक गेटवर, एक एचआरला, एक लाइनवरच्या माणसाला. मार्कशीट आणि प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवून लगेच परत घ्या. 'जॉइनिंगपर्यंत ठेवून जा' म्हणणाऱ्याकडे, मग तो कंत्राटदार असो की कन्सल्टन्सी, मूळ मार्कशीट ठेवून येऊ नका.