पीटीच्या तासाला अपूर्णांक!

वेळापत्रकात पीटी, फळ्यावर गणित! मग सोलापूरच्या शाळांना मैदान कशाला, सरांच्या गाड्या लावायला? पोषण आहाराचं तेच. पहिली ते पाचवीला रोज माणशी 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी. म्हणजे शंभर पोरांना 5 किलो भाजी, बरं का! पातेल्यात पडतात चार कांदे, दोन टोमॅटो. बाकी पाणी नि हळद. याला आमटी म्हणायचं? गेटपासून 50 मीटरच्या आत चिप्स-कोल्ड्रिंक विकायचं नाही, असा 2020 चा नियम. गाडा मात्र गेटला टेकून उभा! मंगळवेढ्याची ज्वारी हाताशी, शेंगा चटणी घरोघरी, तरी डब्यात नूडल्सच. आणि आरोग्य दिनाला? तासभर भाषण, पोरं उन्हात, वर वडापाव!