लेझर आला म्हणून ट्रे रिकामा होत नाही

व्हॉट्सॲपवर डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दलचा एक संदेश सारखा फिरतोय. पुढे पाठवणारे बहुतेक जण तो काळजीपोटीच पाठवतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. संदेशाचा गोषवारा असा: मोतीबिंदू असो, काचबिंदू असो, पडदा असो की तिरळेपणा, आता सगळं लेझरने पाच मिनिटांत होतं. टाका पडत नाही, ब्लेड लागत नाही. जे डॉक्टर अजून चाकू-चिमटे वापरतात ते जुन्या वळणाचे. एकच सेट सगळ्या ऑपरेशनांना फिरवतात आणि त्यातूनच डोळ्यात जंतू जातात. शेवटी ठळक अक्षरांत सल्ला: ‘आधी विचारा, लेझर की ब्लेड? ब्लेड म्हणाले तर उठून या.’

डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये ट्रे लावणं, सर्जनच्या हातात इन्स्ट्रुमेंट देणं आणि नंतर ती धुऊन निर्जंतुक करणं हे माझं रोजचं काम आहे. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती त्या शेवटच्या सल्ल्याची. उठून घरी गेलेल्या माणसाचा मोतीबिंदू काही थांबत नाही. तो पिकत जातो, कडक होतो आणि तेच ऑपरेशन पुढे अवघड होऊन बसतं. काचबिंदूत गेलेली नजर तर परत येतच नाही. म्हणून संदेशातला एकेक दावा घेते.

‘मोतीबिंदू लेझरने काढतात.’

नाही. आज मोतीबिंदूसाठी सर्रास वापरलं जाणारं यंत्र म्हणजे फेको, आणि फेकोत लेझर नसतोच. त्यात अल्ट्रासाउंड असतो. चार्ल्स केलमन या अमेरिकन डॉक्टरांनी १९६७ मध्ये ही पद्धत आणली. दातांवरचा थर काढणारं दंतवैद्याचं अल्ट्रासाउंड यंत्र पाहून त्यांना ती सुचली. टायटॅनियमची पोकळ सुई सेकंदाला साधारण ४०,००० वेळा मागेपुढे होते, गढूळ झालेलं भिंग फोडते आणि त्याच पोकळीतून चुरा ओढून घेतला जातो.

ही सुई डोळ्यात जाण्याआधी ट्रेवरची बरीच इन्स्ट्रुमेंट कामाला लागलेली असतात. पापण्या उघड्या धरायला स्पेक्युलम. बाजूच्या बारीक छिद्रासाठी एक टोकदार ब्लेड. मग मुख्य वाटेसाठी केराटोम नावाचं ब्लेड, २.२ ते २.८ मिलिमीटर रुंदीचं. केराटोम बुबुळाच्या कडेशी सरळ खुपसत नाहीत. ते बुबुळावरच्या पारदर्शक पटलाच्या (कॉर्नियाच्या) जाडीतून थोडं तिरकं सरकवत नेतात आणि मगच आत उतरवतात. त्यामुळे जखमेला झडपेसारखा आकार येतो आणि डोळ्याच्या आतल्या दाबानेच ती मिटते. संदेशात ‘टाका पडत नाही’ याचं श्रेय लेझरला दिलंय. एरवी रोजच्या ऑपरेशनात ते श्रेय या ब्लेडचं आणि ते धरणाऱ्या हाताचं असतं.

यापुढची पायरी मी कितीही वेळा पाहिली तरी श्वास रोखूनच पाहते. भिंगाभोवती एक पारदर्शक पिशवी असते. तिच्या समोरच्या बाजूला सुमारे पाच मिलिमीटरचं गोल भोक पाडायचं असतं, तेही कापून नाही, फाडून. वाकवलेल्या सुईच्या टोकाने, म्हणजे सिस्टोटोमने, एक बारीक फाट काढतात. मग युट्राटा फोरसेप्सने त्या फाटेची कड पकडून ती गोल फिरवत आणतात, मध्ये दोन-तीनदा पकड बदलत. फाट बाहेरच्या बाजूला पळाली तर नवं भिंग ज्या पिशवीत बसवायचं तिचाच आधार जातो. या पिशवीची मागची बाजू मध्यभागी जेमतेम ४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे चार हजारांश, जाड असते. म्हणून शेवटचा मऊ भाग ओढून घेणाऱ्या आयए टिपचं टोक गुळगुळीत असतं. त्या टोकावर सूक्ष्म ओरखडा राहिला तरी पिशवी फाटू शकते. ट्रे लावताना ते मोठं करून दाखवणाऱ्या काचेखाली धरून तपासायचं ते याचसाठी.

हे सगळं होत असताना सर्जनच्या एका हातात फेकोची सुई बसवलेला हँडपीस असतो, दुसऱ्यात भिंगाचे तुकडे करायचा चॉपर. एक पाय मायक्रोस्कोपच्या पेडलवर, दुसरा फेकोच्या. फेकोचं पेडल थोडं दाबलं की नुसतं पाणी, आणखी दाबलं की शोषण, पूर्ण दाबलं की अल्ट्रासाउंड. शेवटी घडी घातलेलं नवं भिंग इंजेक्टरमधून आत सोडतात आणि सिन्स्की हुकने फिरवून जागेवर बसवतात.

मग ‘लेझर मोतीबिंदू’ म्हणून जाहिरात होते ती कशाची? फेम्टोसेकंद लेझरची. हंगेरीत झोल्टान नाज यांनी २००८ मध्ये तो मोतीबिंदूसाठी पहिल्यांदा वापरला. तो डोळ्यावरचे छेद आखून देतो, पिशवीचं गोल भोक अचूक कापतो, भिंगाचे तुकडेही पाडतो. पण तो काहीच बाहेर काढू शकत नाही आणि काहीच आत घालू शकत नाही. त्यानंतर रुग्ण मायक्रोस्कोपखाली येतो आणि तोच फेको हँडपीस, तेच चॉपर, तोच इंजेक्टर लागतो. फ्रान्समधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, त्यात फेम्टो लेझरचा निकाल साध्या फेकोपेक्षा सरस ठरला नाही. ज्याला तो घ्यायचाय त्याने जरूर घ्यावा. पण साध्या फेकोला नकार द्यायचं ते कारण होऊ शकत नाही.

गैरसमजाचं आणखी एक मूळ आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी काहींच्या भिंगाच्या पिशवीच्या त्या मागच्या पातळ बाजूवर धूसरपणा येतो. तो याग लेझरने बसल्या जागी मोकळा करतात, आणि त्याला खरंच काही मिनिटंच लागतात. घरी आल्यावर माणूस सांगतो, ‘माझा मोतीबिंदू लेझरने काढला.’ तो खोटं बोलत नसतो, पण ऐकणारा भलतंच समजतो.

‘ब्लेडवाले डॉक्टर जुन्या वळणाचे.’

पूर्ण पिकलेला पांढरा किंवा गडद तपकिरी, कडक मोतीबिंदू फोडायला फेकोची ऊर्जा खूप जास्त लागते. पारदर्शक पटलाच्या आतल्या अस्तराच्या पेशी त्या ऊर्जेने मरतात, आणि माणसाच्या डोळ्यात त्या पुन्हा तयार होत नाहीत. अशा वेळी कित्येक अनुभवी सर्जन विचार करूनच एसआयसीएस, म्हणजे फेकोशिवाय छोट्या छेदातून मोतीबिंदू काढायची पद्धत, निवडतात. क्रेसेंट ब्लेडने पांढऱ्या आवरणाच्या जाडीत सहा-सात मिलिमीटरचा बोगदा करायचा आणि व्हेक्टिससारख्या साधनाने घट्ट भिंग अखंड बाहेर काढायचं. बोगदा नीट जमला तर इथेही टाका लागत नाही. याला मागासलेपणा म्हणणाऱ्याने तो बोगदा एकदा मायक्रोस्कोपमधून पाहावा. ब्लेड थोडं वर गेलं तर छताला भोक पडतं, खोल गेलं तर वेळेआधीच डोळ्यात शिरतं.

‘काचबिंदू, पडदा, तिरळेपणा, सगळं लेझर.’

इथे खरं-खोटं मिसळलेलं आहे, म्हणून सावध वाचा. लेझरचं स्वतःचं हक्काचं काम आहेच. चष्म्याचा नंबर घालवायला १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेझर वापरतात, कारण तो शेजारच्या भागाला जवळपास उष्णता न देता पटलाचा अतिसूक्ष्म थर उडवतो. मधुमेहाने बिघडलेल्या पडद्यावर लेझरचे ठिपके देतात. काचबिंदूच्या काही प्रकारांत लेझर हा पहिला उपाय असू शकतो. पण चष्म्याचा नंबर घालवायच्या लेसिकमध्येही पटलाची चकती स्पॅचुलाने उचलावी लागते आणि नंतर जागेवर नीट पसरावी लागते. त्याच कामाच्या स्माइल पद्धतीत पटलाच्या आत लेझरने आखलेली चकती शेवटी फोरसेप्सनेच ओढून काढतात.

औषध आणि लेझर दोन्ही करून डोळ्याचा दाब उतरला नाही, की ट्रॅबेक्युलेक्टॉमी करतात. केर्न्स यांनी १९६८ मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया आजही होते. पांढऱ्या आवरणाची झडप उचलून तिच्याखाली केली पंच नावाच्या छोट्याशा साधनाने भोक पाडतात, म्हणजे पाणी झिरपायला वाट मिळते. झडप किती घट्ट शिवायची यावर पुढचा दाब ठरतो.

पडद्याच्या ऑपरेशनचा ट्रे तर पूर्ण वेगळा. रॉबर्ट माखेमर यांनी १९७० च्या सुमारास व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्याच्या आतली जेली काढायची शस्त्रक्रिया, सुरू केली तेव्हा कटर चांगला जाड, १७ गेजचा होता. गेजचा आकडा वाढतो तसा कटर बारीक होतो, आणि आज २३, २५, अगदी २७ गेजचे कटर आहेत. २५ गेज म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे तीन ट्रोकार, म्हणजे आत शिरायच्या बारीक वाटा, बसवतात. एकातून पाणी आत जातं, दुसऱ्यातून प्रकाशाची नळी, तिसऱ्यातून कटर, जो मिनिटाला हजारो वेळा कापत आतला जेलीसारखा द्रव काढतो. पडद्याच्या मध्यभागी भोक पडलं असेल तर वरचं दोन-तीन मायक्रॉनचं आवरण निळ्या रंगाने रंगवून फोरसेप्सने सोलतात. आणि हो, इथे लेझरही असतो. तो एंडोलेझर प्रोब म्हणून याच ट्रेवर, कटरच्या शेजारी ठेवलेला असतो. फाटलेल्या पडद्याच्या कडा तो चिकटवतो. लेझर आणि हत्यारं हे भांडण थिएटरमध्ये कुठेच नाही, ते फक्त संदेशात आहे.

तिरळेपणाबद्दलचा दावा मात्र साफ चूक आहे. तिथे काम डोळा फिरवणाऱ्या स्नायूंचं असतं. स्नायू हुकवर उचलायचा, कॅलिपरने मिलिमीटर मोजायचे, सोडवायचा आणि ठरलेल्या अंतरावर शिवायचा. तिरळेपणाचं नेहमीचं ऑपरेशन असंच होतं, त्यात लेझर नसतो. ‘लेझर येईल तेव्हा करू’ म्हणून लहान मुलाला थांबवलं तर त्या डोळ्याची नजर आळशी होण्याचा धोका वाढत जातो.

‘टाके म्हणजे जुनी पद्धत’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: पारदर्शक पटलाचं पूर्ण जाडीचं रोपण १०-० नायलॉनच्या धाग्याने शिवतात. तो धागा ०.०३ मिलिमीटरहूनही बारीक, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा पातळ. त्यासाठी वापरायच्या बारीक नीडल होल्डरला बहुतेकदा लॉक नसतो, कारण लॉक सुटतानाचा हलका झटकासुद्धा त्या सुईला पेलत नाही.

‘एकच सेट सगळीकडे फिरवतात.’

वर जे सांगितलं त्यावरून हे शक्यच नाही हे कळलं असेल. स्नायूच्या हुकचा मोतीबिंदूत उपयोग शून्य. अश्रूमार्गाच्या डीसीआर ऑपरेशनला तर हाड कापणारा पंच लागतो. तो वर सांगितलेल्या कुठल्याच ट्रेवर दिसणार नाही.

‘हत्यारांतून जंतू जातात.’

ही भीती मी झटकून टाकणार नाही. डोळ्याच्या आत संसर्ग झाला तर नजर जाऊ शकते, आणि स्वच्छतेत ढिलाई झाली तर हत्यारंही कारण ठरतात. म्हणूनच प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र निर्जंतुक सेट आणि एकदाच वापरायच्या वस्तू एकदाच, हा नियम पाळला गेलाच पाहिजे. आमच्या कामात सगळ्यात दगाबाज वस्तू म्हणजे पोकळ नळ्या: फेको टिप, आयए हँडपीस, कॅन्युला. ऑपरेशनात डोळ्यात भरलेलं जेल आत वाळून बसलं तर वाफही त्याच्याखाली पोचत नाही. म्हणून ऑपरेशन संपल्या संपल्या त्यातून निर्जंतुक पाणी जोरात सोडायचं, पुन्हा सोडायचं, मग हवा, आणि त्यानंतरच ऑटोक्लेव्ह, १२१ किंवा १३४ अंशांवर. साबणाचा अंश आत राहिला तर जंतू नसतानाही डोळा लाल होऊन सुजतो. त्याला टास म्हणतात.

पण यावर ‘लेझर निवडा’ हे उत्तर नाही. लेझरने छेद आखला तरी तो छेदच असतो, आणि त्यातून पुढे हीच साधनं आत जातात. शिवाय जंतू बहुतेकदा येतात ते रुग्णाच्याच पापण्यांवरून. त्यांच्यावरचा भरवशाचा उपाय म्हणजे ऑपरेशनआधी डोळ्यात सोडलेलं ५ टक्के पोविडोन आयोडिन.

विचारायचं तर डॉक्टरांना हे विचारा: माझा मोतीबिंदू किती कडक आहे, आणि तुम्ही ही पद्धत का निवडली? प्रत्येक रुग्णाला वेगळा सेट असतो का? डोळ्यात आयोडिन सोडणार ना? आणि ऑपरेशन चालू असताना भिंगाच्या पिशवीची मागची पातळ बाजू फाटलीच, तर व्हिट्रेक्टॉमीचा कटर त्याच खोलीत तयार असतो का, की त्यासाठी मला दुसरीकडे पाठवावं लागेल?